सुई सांगायची राहिली

सोम. ३ फेब्रु.

मार्था पोरी, ही वही तुझ्यासाठी आहे. पण तू ती कुठंतरी ठेवशील आणि मग घरभर शोधत फिरशील, हे मला आत्ताच दिसतंय. स्वतःच्या लग्नाला निघताना चपला विसरून चर्चच्या पायरीपर्यंत अनवाणी आलेली पोरगी तू. म्हणून तारखा टाकून लिहून ठेवायचं. मी गेल्यावर वाच. आधीच सापडली तर मिटून ठेव.

लिहितेय शेजारची शमशाद. मला अक्षर येत नाही, एवढं तरी तुझ्या लक्षात असेल. शमशाद मुन्सिपाल्टीच्या शाळेत मास्तरीण होती, आता पेन्शनीत. चर्चमधल्या कुणाला लिहायला बसवलं असतं तर आज सांगितलेलं उद्या पार पेठ वडगावला पोचलं असतं. शमशादच्या मोहल्ल्यात माझं गुपित कुणाच्या कामाचं नाही. ती म्हणते, मी तुझं बोलणं शुद्ध करून लिहिणार. कर बाई. भाजी निवडतेस तसं निवड, फक्त देठं ठेवून पानं टाकू नकोस.

तर बातमी. जानेवारीत डाव्या छातीत गाठ लागली. लिंबाएवढी. न सांगता आली म्हणून मी तिला पावणी म्हणते. तुला पुण्याला कळवलं नाही. महिला मंडळाच्या रतनबाईला सांगितलं, म्हणजे सगळ्यांना सांगितलं. मंडळाच्या बायकांनी तीन दिवस उपास धरला, पाळीपाळीनं प्रार्थना केली. शुक्रवारी मी दवाखान्यात जाऊन आले. शनिवारी गाठ हाताला लागेना. काल उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं आहे का? मी उठले.

काय सांगू मार्था. एकतीस वर्षं मिशनच्या बोर्डिंगच्या मुलींना भात घातला, पण चर्चमध्ये पुढं उभं राहायला कधी मिळालं नाही. शास्त्र वाचायला वाचता येणाऱ्याच उठतात. काल माझी पाळी. 'गाठ होती. आता न्हाय. देवानं काढून नेली,' म्हटलं. बायका रडल्या. रतनबाईनं दोन्ही हात वर केले. पुरुषांच्या बाजूलाही नाकं ओढल्याचा आवाज आला.

इथं शमशादनं पेन थांबवलं.

'आक्का, आणि सुई?'

'कसली सुई?'

'शुक्रवारी डॉक्टरीणबाईनं सुई घालून पाणी काढलं न्हवं गाठीतलं? मी सोबतीला होते की.'

लिही मग. सुई घातली. लालसर पाणी निघालं, ते बाटलीत भरून तपासायला पाठवलंय. डॉक्टरीणबाई म्हणाली, 'पाणी निघालं म्हणून गाठ गेली असं समजू नका, आजी. रिपोर्ट येऊ दे.' साक्षीत सुई सांगायची राहिली.

राहिली नाही. ठेवली. सुई सांगितली असती तर साक्षीची चव गेली असती.


गुरु. ६ फेब्रु.

रोज आंघोळीच्या वेळी हात लावून बघते. लागत नाही. मग परत बघते. चूल सोडून आलेली बाई जशी परत परत मागं वळून बघते तसं.

भात लावताना चर्चच्या डब्यात एक मूठ तांदूळ बाजूला टाकायचे, ही आपली आईच्या काळापासूनची रीत. सोमवारपासून मी दोन मुठी टाकतेय. शमशादनं बघितलं.

'लाच देतीस व्हय देवाला?'

'तुझं लक्ष वहीत असू दे.'

साक्ष दिली आणि त्याच उपासनेत प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढं गेले. त्या वेळी काही वाटलं नाही. आता वाटतं. भाकर तोंडात होती आणि सुई पोटात.


सोम. १० फेब्रु.

शनिवारी दुपारी गडमुडशिंगीत घरप्रार्थना होती. रतनबाई रिक्षातनं घेऊन गेली मला, नव्या नवरीसारखं. 'आजींची साक्ष ऐका.' मी दुसऱ्यांदा सांगितली. पहिल्यापेक्षा छान झाली. पहिल्यांदा कालवण पातळ होतं, या वेळी आटलं. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं आपोआप जमलं. मलाच माझी भीती वाटायला पाहिजे होती तिथं.

दाराशी एक बाई बसली होती, पदर तोंडाला लावून. एस्तेर तिचं नाव. चौतिशीतली असेल. नवरा फाउंड्रीत. दोन मुली, धाकटी दुसरीत. तिच्याही छातीत गाठ. तिचा रिपोर्ट येऊन गेलाय, वाईट. आपल्याच डॉक्टरीणबाईनं पंचवीस तारखेला ऑपरेशन ठरवलंय. प्रार्थना संपल्यावर ती माझ्याजवळ सरकली.

'आजी, खरंच ऑपरेशन न करता?'

आणि मार्था, मी म्हणाले, 'देवाला काय कात्री लागती व्हय?'

सगळ्या हसल्या. हालेलूया म्हणाल्या. एस्तेर हसली नाही. माझ्या तोंडाकडं बघत राहिली, तहानलेलं माणूस माठाकडं बघतं तसं.

रिक्षात रतनबाई बडबडत होती. पुढच्या महिन्यात मला साक्षीसाठी कुरुंदवाडला न्यायचं म्हणते.


बुध. १२ फेब्रु.

पावणी परत आली.

डोक्यावरनं पाणी ओतलं, हात खाली आला, आणि ती तिथंच. लिंबाएवढी नाही. पेरूएवढी. तांब्या हातातनं सुटला.

शमशाद लिहितेय आणि मी हात मांडीखाली दाबून धरलेत.


शुक्र. १४ फेब्रु.

रिपोर्ट.

डॉक्टरीणबाई तरुण आहे, तुझ्या थोरलीच्या वयाची. कागद समोर ठेवला. म्हटलं, 'बाई, मला कागद दाखवून काय उपयोग, तोंड दाखवा.' मग तिनं तोंड वर केलं आणि मला सगळं वाचता आलं.

कॅन्सर. पण लवकर सापडलाय म्हणाली. ऑपरेशन करायचं. पाच मार्चला भरती, सहाला सकाळी टेबलावर. 'घाबरू नका आजी.' मी म्हटलं, 'घाबरू नका म्हणायचा तुमास्नी पगार मिळतो, मला घाबरायचा मिळत न्हाय, तरी मी फुकट करतो की.' ती हसली. शमशाद हसली. मी सुद्धा हसले. बसस्टॉपवर मी खालीच बसले. शमशादनं कमरेत हात घातला आणि म्हणाली, चक्कर आली म्हण, लोक बघतात.

आई कशी गेली ते आठवत होते. तेव्हा नाव माहीत नव्हतं या रोगाला. नुसतं 'आतलं दुखणं' म्हणायचे. ती ओरडू नये म्हणून पदराचा बोळा तोंडात धरायची आणि आम्हाला बाहेर खेळायला घालवायची. मी खेळायचे मार्था. ते जास्त वाईट.

देवाला काही मागितलं नाही आज. मागायला तोंड पाहिजे.


रवि. १६ फेब्रु.

आजचं लिहवत नाही. पण लिहायला पाहिजे.

पाळकसाहेबांनी विचारलं, साक्ष कुणाला? मी बाकाला चिकटून बसले. मागनं एस्तेर उठली. गडमुडशिंगीहून दोन्ही पोरींना घेऊन आलती. म्हणाली, 'मी पंचवीस तारीख दवाखान्यात नको म्हणून सांगितली. सारूआजीची गाठ देवानं काढली, माझीबी काढंल. माझ्यासाठी प्रार्थना करा.'

टाळ्या पडल्या. चर्चमध्ये टाळ्या. पाळकसाहेबांचा चेहरा मात्र उतरला, ते मी बघितलं. म्हणाले, बहीण, आपण उपासनेनंतर बोलू.

उपासनेनंतर ती माझ्याकडंच आली. खाली वाकून पाया पडली. आपल्यात पाया पडत नाहीत, तरी पडली. 'तुमच्यामुळं हिंमत आली आजी.' धाकटी पोरगी माझ्या बोटाला धरून उभी होती. केसांना तेल चोपडलेलं, दोन वेण्या, एकीची रिबन सुटलेली. मी ती बांधून दिली. तेवढंच केलं मी.

तू संध्याकाळी फोन केलास. 'आई बरी आहेस का?' बरी आहे म्हटलं. मला आता सवयच लागलीय.


मंगळ. १८ फेब्रु.

पावणीची भीती वेगळी आणि ही वेगळी. पावणीची भीती पोटात बसते, अन्न जात नाही. ही दुसरी सगळीकडं मागं मागं येते. नळावर पाणी भरताना, दळण आणताना. मागं वळलं की दोन वेण्या.

प्रार्थनेला बसले. इतके दिवस 'मला बरं कर' म्हणत होते. आज म्हटलं, देवबापा, माझं राहू दे. त्या पोरीच्या डोक्यातनं माझा आवाज काढ. तुझा आवाज समजून तिनं माझा धरलाय.

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

शमशादला विचारलं, 'तुमच्यात अशाला काय करतात?'

'तौबा. पण नुसतं तोंडानं म्हणून भागत न्हाय. ज्याचं बिघडवलं त्याचं आधी नीट करावं लागतं.'

'आमच्यातबी तसंच हाय.'

'मग मला कशाला विचारलंस?'

'तुमच्यात सोपं असंल म्हणून.'


गुरु. २० फेब्रु.

पाळकसाहेबांना सांगितलं. त्यांच्या घरी, ओट्यावर. सुई, पाणी, रिपोर्ट, पाच मार्च, सगळं. ते ऐकत राहिले. मग चष्मा काढून डोळे पुसले. माझ्यासाठी की एस्तेरसाठी, विचारलं नाही.

म्हणाले, 'आजी, मी मंगळवारी एस्तेरकडं जाऊन आलोय. डॉक्टरसुद्धा देवाचीच देणगी आहे म्हणून सांगितलं. ती म्हणाली, पाळकसाहेब, आजींचा विश्वास तुमच्यापेक्षा मोठा आहे.'

यावर हसू यायला पाहिजे होतं.

'मग काय करू?'

'चर्चमध्ये सांगायची जबरदस्ती मी करणार नाही. पुष्कळांना धक्का बसेल. पण तिला तरी...'

पाळकीणबाईंनी चहा आणला.

त्या ओट्यावर बसून मला ते शास्त्रातलं नवरा-बायकोचं आठवत होतं, थोडं सांगितलं, थोडं लपवलं आणि प्रेषितासमोर जागेवर मरून पडले ते. लहानपणी वाटायचं, एवढ्याशाला एवढं? आता वाटतं, पटकन पडले, सुटले. मी चालतेफिरते आहे.


शनि. २२ फेब्रु.

गडमुडशिंगीला गेले. बसनं, शमशादला घेऊन. रतनबाईला कळू दिलं नाही.

एस्तेर अंगणात शेंगा फोडत बसली होती. पोरी शाळेत. मी पण बसले, शेंगा पुढं ओढल्या. हाताला काम असलं की बोलता येतं.

'एस्तेर, माझी गाठ सुईनं बसलती. डागदरीणबाईनं पाणी काढलंतं त्यातलं. मी ते सांगितलं न्हाय.'

तिचा हात थांबला नाही. 'पाळकसाहेबांनी पाठवलं व्हय तुमास्नी?'

'न्हाय गं. कुणी पाठवलं न्हाय.'

'परत आलीया?'

'आलीया. पयल्यापरास मोठी. कॅन्सर हाय. पाच तारखेला भरती व्हायचंय मला.'

मग तिनं माझ्याकडं बघितलं. मार्था, मी शिव्या खायच्या तयारीनं गेले होते. तिच्या डोळ्यात माझी कीव होती.

'आजी, तुमचा इश्वास कमी पडला असंल. सुई टोचून घेतलासा, तितंच चुकलं. माझा कमी पडायचा न्हाय.'

एवढा मोठा दगड मीच डोंगरावरनं ढकललेला, आता आडवं पडूनही थांबत नाही.

शमशाद म्हणाली, 'ताई, ऑपरेशनला भ्यायलीस काय?'

एस्तेरच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग म्हणाली, 'माझी आई टेबलावरच गेली. पोटाच्या ऑपरेशनात. आत नेताना मला म्हणाली, आलो गं लगेच. मी भाईर बाकड्यावर तिचं लुगडं मांडीवर घेऊन बसलेली.'

मग उठली आणि आत गेली. चहा करून आणला. आम्ही प्यायलो.

येताना बसमध्ये कळलं मला. तिच्याकडं विश्वास आहे तेवढीच भीती आहे. भीतीला विश्वासाचं लुगडं नेसवून तिनं दारात बसवलंय, येणारा-जाणारा सलाम करतो. मला ते लुगडं ओळखता आलं. माझ्या घरातही तेच वाळत पडलंय.


रवि. २३ फेब्रु.

उठले. पाळकसाहेबांनी साक्षीचं विचारायच्या आधीच उठले, नाहीतर परत बाकाला चिकटले असते.

म्हटलं, 'तीन आठवड्यांमागं मी हितं अर्धी साक्ष दिली. आज उरलेली देतो.' आणि सुई सांगितली. लालसर पाणी सांगितलं. परत आली ते सांगितलं. म्हटलं, 'देवानं मला बरं केलं न्हाय असं मी म्हणत न्हाय. अजून केलेलं न्हाय एवढंच. पर तुमी माझ्या तोंडावर भरवसा ठेवून कुणी दवाखाना सोडू नका. माझं तोंड लई चालतं.'

कुणी हसलं नाही. कुणी रडलं नाही.

एस्तेर मागच्या बाकावर होती. पोरींची मनगटं धरून उठली आणि बाहेर गेली. धाकटी वळून बघत होती.

बाहेर पायरीवर रतनबाई. तोंड लाल. 'मग आमी तीन दिवस उपाशी कशाला मेलो वो? माझी शुगर खाली गेलती!'

तिचा उपास खरा होता. पावणीला ठाऊक नसेल, पण मला ठाऊक आहे, त्या तीन दिवसांत माझ्यासाठी कुणीतरी उपाशी आहे हे कळून मला पोटभर जेवल्यासारखं वाटलेलं. त्याचा मोबदला मी काय दिला.

घरी येऊन पालथी पडले. हलकं वाटेल म्हणत होते लोक. काही हलकं नाही.


बुध. २६ फेब्रु.

काल पंचवीस तारीख. गेली.

दिवसभर घड्याळाकडं बघत होते. मला घड्याळ कळतं, अक्षरं नाहीत. अकराला वाटलं, आत्ता तिला आत नेलं असतं. एकला वाटलं, आत्ता बाहेर आणलं असतं. ती गडमुडशिंगीत भाकऱ्या थापत असणार. टेबलावर दुसरं कुणी.

शमशादनं मला न विचारता तुला फोन लावला. तू ओरडलीस. मग रडलीस. मग परत ओरडलीस. 'सगळ्या चर्चला सांगतीस आणि पोटच्या पोरीला न्हाय?' बरोबर आहे तुझं. चर्चला सांगितलं की टाळ्या मिळतात. तुला सांगितलं की तू येतेस, आणि तू आलीस की ते खरं होतं.


शुक्र. २८ फेब्रु.

तू आलीस काल. मोबाईलचा चार्जर पुण्यातच ठेवून. तू बाजारात गेल्यावर हे लिहून घेतेय. रात्री तू पाठीवर हात ठेवून झोपलीस, तुझ्या लहानपणी मी ठेवायचे तसा. मी झोपल्याचं सोंग केलं.

डॉक्टरीणबाई म्हणाली, वॉर्डात सोबतीला एक बाई लागेल. तू म्हणालीस, 'मी हाय की.' मी म्हटलं, 'तू घरी भाकऱ्या कर, फाईल तुझ्या हातात दिली तर माझ्या जागी दुसऱ्याच बाईला टेबलावर घेतील.' तू रुसलीस. पण त्यात माझा डाव आहे, तो तुला सांगितला नाही. इथं लिहिते.

एस्तेरच्या नवऱ्याला शमशादनं फोन केला. निरोप असा: आजीला सोबतीला बाई नाही. एस्तेरनं येऊन बसावं. समजावणार नाही, शास्त्र सांगणार नाही. नुसतं बसावं. आजी घाबरलीय.

शेवटचं खरं आहे. बाकीचं सुद्धा खरंच आहे म्हणा, फक्त पुरं नाही. परत सुई ठेवली का मी? शमशाद म्हणते, ह्या वेळी सुई तिला दिसंल अशी ठेवलीस. मला काही कळेना झालंय. मी आणि माझं तोंड.

नवरा म्हणाला, विचारतो.


रवि. २ मार्च

प्रभुभोजन होतं. मी पुढं गेले नाही. बसून राहिले. रतनबाई माझ्या शेजारी बसली नव्हती, एका माणसाची जागा सोडून होती.

सगळ्यांचं झाल्यावर पाळकसाहेब ताट घेऊन माझ्या बाकाशी आले. ताट धरून उभे राहिले. मी मान हलवली. ते उभेच. सगळी मंडळी बघतेय. शेवटी त्यांचा हात दुखेल म्हणून घेतली भाकर. घेताना हातातनं खाली पडली. रतनबाई वाकली, उचलली, फुंकर मारली आणि माझ्या हातावर ठेवली. माझ्याकडं बघितलं मात्र नाही.

शमशादचा आज पहिला रोजा. ओठ सुकलेत, तरी लिहितेय. म्हटलं राहू दे. म्हणाली, हाताला रोजा नसतो. आमचेही उपासाचे चाळीस दिवस बुधवारी सुरू होतात. तिचा उपास बघितला की आमचा चहा-बिस्किटांचा वाटतो.

एस्तेरकडून काही नाही.


मंगळ. ४ मार्च

काही नाही.

पिशवी भरली. दोन लुगडी, टॉवेल, फणी, तुझ्या बाबांचं जुनं शास्त्र. वाचता येत नाही, पण उशाशी असलं की माणूस आहे असं वाटतं.

आज फार भ्यायले. कणीक मळताना एकाएकी वाटलं, हे हात परवा कोण कुठं ठेवेल. तुला हाक मारली. तू आलीस, काय म्हणालीस. म्हटलं, मीठ दे. मीठ समोरच होतं.

प्रभूनंसुद्धा क्रुसाच्या आदल्या रात्री बागेत म्हटलं होतं, हे टळत असेल तर टळू दे. घाम फुटला होता त्याला. लहानपणी हे ऐकलं की मला त्याचं वाईट वाटायचं. आज बरं वाटलं. तोसुद्धा भ्याला होता.


बुध. ५ मार्च, वॉर्डात

खाट खिडकीजवळची. शेजारची बाई इचलकरंजीची, तिला मी कोण कुठली ते सगळं सांगून झालंय.

सकाळी साडेदहाला एस्तेर आली.

दारात उभी राहिली, पिशवी छातीशी धरून. मी चर्चच्या दारात म्हणतात तसं म्हटलं, 'सलाम गं. बस.' ती म्हणाली, 'सलाम.' स्टुलावर बसली. मग पाणी दिलं, उशी नीट केली, माझे पाय चेपले. मी नको म्हटलं तरी चेपले. त्याशिवाय एक शब्द नाही. मी पण दिलेला शब्द पाळला. जीभ चावून चावून पाळला. शमशाद साक्षीदार आहे.

बाराला डॉक्टरीणबाई फिरत आली. पडदा ओढायला सांगितलं. एस्तेरनं ओढला आणि आतच राहिली. बाईनं मला तपासलं, उद्या किती वाजता, कसं भूल देणार, कोण कोण असणार, सगळं सांगितलं. मी विचारलं, 'बाई, टेबलावर जाऊन परत न आलेली माणसं असतात न्हवं?' विचारायचं माझ्यासाठीच होतं, खरंच. बाईनं लपवलं नाही. म्हणाली, असतात. फार थोडी. आणि तुमचं वय, तुमचं हृदय, सगळं तपासून मगच घेतोय आम्ही.

एस्तेर पडद्याला धरून ऐकत होती.

बाईनं वळून तिच्याकडं बघितलं. 'तुम्ही पंचवीस तारखेच्या ना?'

एस्तेर पडद्याबाहेर गेली नाही.

'मी चारपर्यंत खाली ओपीडीत आहे,' एवढंच म्हणून बाई पुढच्या खाटेकडं गेली.

आत्ता पावणेतीन. एस्तेर परत स्टुलावर आहे, खिडकीतनं बाहेर बघतेय. पिशवी मांडीवर. त्यात तिची फाईल आहे की नुसता टॉवेल, मला दिसत नाही. विचारणार नाही. मघाशी एकदा उठली, दारापर्यंत गेली, नळाचं पाणी पिऊन परत आली. माझं काळीज तेवढ्यात खालच्या मजल्यावर जाऊन आलं.

मला उद्याची भीती वाटते. लिही शमशाद, स्वच्छ लिही. विश्वास आहे आणि भीती पण वाटते, दोन्ही एका खाटेवर, आणि मध्ये मी. सरका म्हटलं तर कुणी सरकत नाही.

मार्था, मेल्यावर वाच म्हटलं होतं, पण आता वही शमशादबरोबर घरी पाठवतेय. तिचा रोजा सुटायच्या आत तिला घरी पोचायचंय. संध्याकाळचा डबा दोघींचा पाठव. मला नुसती तांदळाची पेज, मीठ घालून, दहा वाजायच्या आत पोटात गेली पाहिजे, पुढं काही खायचं नाही म्हणालेत. एस्तेरला शाळूच्या दोन भाकऱ्या आणि वांग्याचं भरीत. भाकरी जाड थाप, ती कधी खाईल काही सांगता येत नाही, वाळायला नको. आणि दही वेगळ्या डब्यात.